कात्री माझी, खुर्ची मॅडमची

मंगळवार, ११ फेब्रुवारी

ताई,

वर नमस्कार लिहिलेला नाही. तो घाईत राहिला असं समजू नकोस. आज तुला नमस्कार लिहिला असता तर तो खोटा ठरला असता, आणि खोटं लिहिणारं आपल्या घरात एक झालं तेवढं पुरे.

माझा नंबर तू बंद करून ठेवला आहेस, म्हणून हे टपालाने. फाडशील. पण फाडण्याआधी एक नजर टाकशीलच, मी ओळखते तुला.

काल कामगार कार्यालयातून पाकीट आलं. मॅडमविरुद्ध मी मजुरीचा दावा लावला आहे, त्याला त्यांच्या वकिलाने दिलेलं उत्तर. आणि मागे टाचलेलं तुझं शपथपत्र. आई विचारत होती, कसलं पाकीट आहे. मी म्हटलं, वीजबिल. तिला काय सांगू, थोरलीने धाकटीविरुद्ध सही करून दिली म्हणून?

तू लिहितेस, सलूनमधल्या आम्ही सगळ्याजणी स्वतंत्र व्यावसायिक आहोत. मॅडम आम्हाला फक्त खुर्ची भाड्याने देतात. आम्ही कधी यावं, कधी जावं, हे कुणी सांगत नाही. आणि शेवटी काय, तर "ती माझी सख्खी बहीण असली तरी सत्य सांगणं माझं कर्तव्य आहे." कर्तव्य म्हणे. हा शब्द तुझ्या तोंडून मी उभ्या जन्मात ऐकलेला नाही. वकिलाने लिहिलं आणि तू खाली सही ठोकलीस, एवढं मला कळतं.

नणंदेला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "म्हणजे तुम्ही पाहिजे तेव्हा येत-जात होतात?" मग मी तिला आरशाचं सांगितलं. तुला ते काय सांगायचं, पहिल्या दिवशी मला तूच शिकवलंस. आपण गिऱ्हाइकाच्या मागे उभ्या, समोर आरसा, आणि आपल्या पाठीमागे गल्ल्यावर मॅडम. काहीही करायचं झालं की आधी आरशातून मॅडमकडे बघायचं. घोटभर पाणी प्यायचंय, बघा. गिऱ्हाइकाने विचारलं अजून किती वेळ, आधी बघा, मग बोला. पोटऱ्या भरून आल्या, जरा स्टुलावर टेकायचंय, बघा. मान उभी हलली तर हो, आडवी हलली तर कापत राहा. नणंदेचा विश्वास बसेना. "बाथरूमलासुद्धा?" म्हणाली. म्हटलं, बाथरूमला तर दोनदा बघावं लागायचं.

वकिलाचं उत्तर वाचण्यासारखं आहे. म्हणे कात्री माझी स्वतःची, म्हणून धंदाही माझा स्वतःचा. चपलाही माझ्याच होत्या, त्या कशा विसरला कोण जाणे. आपल्याकडे कुणी दुसरीच्या कात्रीला हात लावत नाही, अंगठा बसलेला असतो तिच्यात, म्हणून जिची तिची वेगळी. एवढं त्या शहाण्याला कुठून माहीत असणार? पण तुला तर माहीत आहे. बाकी माझं तिथे काय होतं? खुर्ची मॅडमची, टॉवेल मॅडमचे, रंग मॅडमचा, अप्रनवर नाव मॅडमच्या सलूनचं. दर मॅडमनी ठरवलेले. एका गिऱ्हाइकाने मला प्रेमाने घरचा पत्ता विचारला, तर गिऱ्हाईक पळवतेस म्हणून मॅडमनी आठवडाभर मला नुसते केस झाडायला लावले.

भावोजींच्या आजारपणात मॅडम धावून आल्या, हे तुझ्या मनात आहे. मलाही ते ठाऊक आहे. पण ते पैसे त्यांनी दर महिन्याला तुझ्या हिशेबातून कापून घेतले, ताई. मदत ती, पण फुकट नव्हती. त्या उपकाराखाली तू अजून किती वर्षं वाकून राहणार आहेस?

मी माघार घेणार नाही. हे एवढंच सांगायला पत्र लिहायला घेतलं होतं, लांबलं.

धाकटी


शनिवार, २२ फेब्रुवारी

ताई,

तुझं उत्तर नाही. पण रविवारी आईला फोन करून तू म्हणालीस, "तिनेच भांडण उकरून काढलं." आई फोन कानाला घट्ट धरते तरी तुझा आवाज बाहेर येतोच. लहानपणापासून तुझा आवाज तसाच आहे.

तू नव्या शाखेत दुसऱ्या गावी गेल्यावर इथे काय झालं, ते तुला मॅडमनीच सांगितलं असणार. आता माझ्याकडून ऐक.

पोराला कांजिण्या आल्या. अंगभर फोड, ताप उतरेना, आणि आईचे गुडघे तर तुला माहीतच आहेत. मी मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, "गर्दीचे दिवस आहेत, सुट्टी मिळणार नाही." मग मी तो करार काढला, ज्यावर त्यांनी आपल्या सगळ्यांच्या सह्या घेतल्या. आपण कुणी वाचला होता तो? तूही नाही, मीही नाही. "तुम्ही घरच्याच, तुम्हाला काय वाचायचं," असं म्हणाल्या होत्या आणि आपण खुळ्यासारख्या लाजून हसलो होतो. त्या दिवशी पोराच्या उशाशी बसून मी तो पहिल्यांदा वाचला. त्यात स्वच्छ लिहिलंय, सही करणारी बाई स्वतः काम करेल किंवा तिच्या पसंतीच्या दुसऱ्या कुणाकडून करून घेईल. मालकीणबाईची त्याला हरकत नसेल.

मी म्हटलं, वा, मग अडलंय कुठे? नणंदेला पाठवलं. तिचा हात तू पाहिला आहेस, तुझ्या नि माझ्यापेक्षा साफ आहे, फक्त ती घरोघरी जाऊन कापते एवढंच. स्वतःची कात्री घेऊन वेळेवर गेली बिचारी. मॅडमनी तिला दारातच उभी केली. गिऱ्हाइकांसमोर विचारलं, "तू कोण?" तिने सांगितलं. मॅडम म्हणाल्या, "इथे मी नेमलेलीच बाई खुर्चीमागे उभी राहते. हा काय धर्मशाळेचा कारभार आहे?" आणि तिला तशीच परत पाठवली.

वर मला निरोप आला फोनवर, लेखी. "विनापरवानगी गैरहजर. दंड कापण्यात येईल."

ताई, तू मला सांग. खुर्ची मी भाड्याने घेतलेली, धंदा माझा, मर्जीची मालकीण मी, तर मी गैरहजर कशी होते? कुणाकडे? भाड्याच्या खोलीत एक दिवस झोपलं नाही म्हणून कुठला घरमालक दंड लावतो? पण मॅडमना दंड लावायची इतकी सवय, की आपल्याच करारावर आपण पाणी ओततोय हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही.

मी दंड परत मागितला. आवाज चढवला नाही, तुझी शपथ. त्या म्हणाल्या, "कायदा कळायला लागलाय ना, मग दुसरीकडे खुर्ची बघ." अप्रन काढून घेतला आणि गर्दीच्या महिन्यांची माझी सगळी मजुरी अडकवली. म्हणे खुर्चीभाडं, रंगाची नासाडी, टॉवेलांची धुलाई वजा जाता तुझं काही निघत नाही. उभं राहून राहून पायांच्या शिरा वर आल्या माझ्या, आणि माझं काही निघत नाही.

आता बोल, कुणी उकरलं?

धाकटी


गुरुवार, ६ मार्च

ताई,

आज वकील घरी येऊन गेला. फळं घेऊन आला होता, आजारी माणसाला बघायला यावं तसा. आईला वाकून नमस्कार केला, पोराचं नाव विचारलं. मग कागद काढला. अडकवलेली मजुरी सगळी देतो म्हणाला, वर थोडी जास्तच. फक्त मी सही करायची, की मी स्वतंत्र व्यावसायिक होते आणि दावा गैरसमजातून केला होता. आणि यातलं इतर खुर्च्यांमागच्या बायकांना काही सांगायचं नाही.

मी वाचत होते तर म्हणाला, "बाई, पैसे तेच आहेत. मजुरी म्हणा, व्यवसायाचं येणं म्हणा, शब्दांत काय आहे?"

मी म्हटलं, "काहीच नाही ना? मग मजुरी लिहा."

तो हसला, पण कागद बदलेना. शब्दांत काही नसतं तर फळं घेऊन आला असता का तो?

तुला खोटं कशाला सांगू, सही करावीशी वाटली. घरभाडं थकलंय. हे रोज कामावरून आल्यावर मला विचारत नाहीत, पण माझ्याकडे बघतात, आणि मी चहा टाकायला आत जाते. आईने तर वकील गेल्यावर मला फैलावर घेतलं. "लक्ष्मी दारातून परत पाठवलीस," म्हणाली. "दोघी बहिणी तोंडं फिरवून बसल्यात, ते भांडण तरी मिटलं असतं." मी म्हटलं, "सही करून मिटत असेल तर ती बहीण नव्हे, गिऱ्हाईक." आई तेव्हापासून बोलत नाही. म्हणजे घरात आता तुझं-माझं नाही, माझं-आईचं नाही, आणि पोरगं दोघींच्या मधे निरोप पोचवत बसतं.

सही केली नाही मी. माझं पोट अडलंय हे त्यांना पक्कं माहीत आहे, म्हणून तर आले. मी त्या खुर्चीमागे नोकर म्हणून राबले. राबवताना नोकर आणि पैसे द्यायच्या वेळी मालकीण, हे मी चालू देणार नाही. मेले तरी नाही.

सुनावणी पुढल्या बुधवारी. ऐकलं की तू येणार आहेस. मॅडम गाडीने घेऊन येणार म्हणे. ये. मला भीती वाटत नाही तुझी.

खरं म्हणजे वाटते. पण ये.

धाकटी


शुक्रवार, १४ मार्च

ताई,

दोन दिवस हे पत्र मनात लिहितेय. जिन्यात तू मला विचारलंस, "झालं समाधान?" तेव्हा मी नुसती जिना उतरत राहिले. आता सांगते. नाही झालं.

मी तुला आत येताना पाहिलं. निळा ड्रेस, केस नीट बसवलेले, मॅडमची पर्स तुझ्या हातात. ती पर्स बघून माझं डोकं सणकलं. ती खोली केवढीशी, पण तू माझ्याकडे मान वळवली नाहीस. साक्ष द्यायला टेबलापुढे उभी राहिलीस, मॅडम नि वकील मागच्या बाकावर. वकिलाने विचारलं आणि तू घडाघडा म्हणून दाखवलंस, सगळं, एक अक्षर न चुकता. मी मनात म्हटलं, संपलं. ताईने एकदा पाठ केलं की ती विसरत नाही.

आणि मग टेबलामागच्या अधिकाऱ्यांनी नाक शिंकरलं. केवढी सर्दी झाली होती त्यांना. तुझ्याकडे न बघताच त्यांनी विचारलं, "बाई, समजा दुपारी तुमचं डोकं दुखायला लागलं. घरी जावंसं वाटलं. तर काय करता?"

साधा प्रश्न होता. "जाते घरी," एवढं म्हणायचं होतं तुला. वकिलाने हा शिकवला नव्हता बहुतेक. तू तोंड उघडलंस आणि तुझी नजर समोर गेली. समोर नुसती भिंत. तुझे डोळे त्या भिंतीवर काय शोधत होते, ते त्या खोलीत मला एकटीला कळलं. आरसा नव्हता तिथे, ताई. मग तू अख्खी मागे वळलीस आणि म्हणालीस, "मॅडम, सांगू का?"

आणि मॅडमची मान हलली. आडवी. त्यांनाही कळलं नाही आपण काय केलं ते. इतकी वर्षं तू बघायचीस आणि त्या मान हलवायच्या.

अधिकाऱ्यांनी रुमाल खाली ठेवला. "आत्ता कुणाला विचारलंत?" म्हणाले.

"मॅडमना."

"का?"

"विचारावंच लागतं," तू म्हणालीस. किती सरळ म्हणालीस. तेवढं एकच वाक्य त्या दिवशी तुझं स्वतःचं होतं. वकील खोकायला लागला, मॅडमचा चेहरा उतरला, आणि अधिकारी खाली मान घालून बराच वेळ लिहीत राहिले.

तुला वाटलं मी मनातून हसले. मागे आपल्या तारखेची वाट बघत बसलेल्या कुणी दोघीजणी हसल्या, मी नाही. मला रडू येत होतं आणि मॅडमचा असा राग येत होता की बाकाची कड धरून बसले. माझी ही ताई. चाळीत पाण्यावरून पुरुषांशी भांडणारी. माझ्या मास्तरांना शाळेत जाऊन जाब विचारणारी. बाबा गेल्यावर सगळ्या काकालोकांना एका आवाजात गप्प बसवणारी. आणि तिला डोकं दुखलं तर घरी जाते म्हणायला परवानगी लागते. माझे पैसे बुडवले ते बुडवले. तुझं हे जे बुडवलं ना, ते त्यांच्याकडून कुठल्या कार्यालयात वसूल करायचं ते मला सांग.

तू तोंडघशी पडलीस असं मानू नकोस. पडल्या त्या मॅडम.

धाकटी


सोमवार, ७ एप्रिल

ताई,

निकाल लागला. मी जिंकले.

वाकडंतिकडं समजू नये म्हणून नणंदेने मोठ्याने वाचला, मग मी वाचला, मग आईने चष्मा शोधून स्वतः वाचला. त्यात म्हटलंय, काम कधी, कसं आणि कुणी करायचं हे सगळं सलून ठरवतं. दुसरी बाई पाठवली तर परत पाठवतात, आली नाही तर दंड लावतात. तेव्हा करारात काहीही लिहिलेलं असो, ही नोकरी आहे आणि मागते ती मजुरी आहे. अडकवलेली सगळी रक्कम द्यायची, कापलेलं खुर्चीभाडं आणि दंडही परत. तुझ्या साक्षीवर तर अख्खा परिच्छेद आहे. "साक्षीदाराने उत्तर देण्यापूर्वी मालकाची परवानगी मागितली, हे पुरेसं बोलकं आहे."

पैसे मिळाले. पहिल्यांदा थकलेलं भाडं दिलं. आई बोलायला लागली, आणि आता लोकांना सांगते की तिला पहिल्यापासून खात्री होती.

पण तुझं कळलं आईकडून. सुनावणी झाली त्याच आठवड्यात मॅडमनी तुझी खुर्ची काढून घेतली. आणि तू म्हणतेस माझ्यामुळे. ते मी ऐकून घेणार नाही. माझ्यामुळे नाही आणि तुझ्यामुळेही नाही. त्यांच्या मानेकडे बघून वागत होतीस तोवरच तू त्यांना घरची होतीस. एक वाक्य खरं बोललीस, तर रस्त्यावर आणलं. अशा बाईकरता तू डोळ्यांत पाणी काढतेस म्हणे. पुस ते.

सोबत अर्ज ठेवला आहे. माझ्या आधी कितीतरी वर्षं तू तिथे उभी होतीस, माझ्यापेक्षा तुझं येणं मोठं. अधिकाऱ्यांना मी विचारलं, ताईचाही दावा मीच लावू का. ते म्हणाले, प्रत्येकीने आपला आपण लावायचा. बाकी सगळं मी भरलंय, तुझी जन्मतारीखही घातली आहे, ती ह्या वेळी खरी, तू लोकांना सांगतेस ती नाही. सही तेवढी राहिली. ती मी करू शकत नाही, आणि कुणाला विचारून करू नकोस. मलाही नाही.

आणखी एक. उरलेल्या पैशांत मी नि नणंदेने मिळून एक गाळा भाड्याने घेतला आहे. छोटा आहे, भिंतीला ओल आहे, पण नळाला पाणी जोरात येतं. दोन खुर्च्या आमच्या दोघींच्या, तिसरी रिकामी आहे. गिऱ्हाइकं तुझं विचारतात. तू ये. आपल्याच घरचं काम आहे, पगाराचं वगैरे आपण बसून ठरवू, तुला मी काय कमी देणार आहे का?

तुझीच,
धाकटी


बुधवार, १६ एप्रिल

धाकटे,

पत्रं सगळी मिळाली. फाडलं एकही नाही. एवढी काही मला ओळखत नाहीस तू.

अर्ज सही करून मी स्वतः कामगार कार्यालयात दिला. पोच घेतली. तिथल्या बाबूने विचारलं, बरोबर कुणी आलंय का. म्हटलं, कशाला?

तुझ्या गाळ्याचं म्हणशील तर येईन. पण घरचं काम आणि बसून ठरवू, हे मला पुन्हा ऐकवू नकोस. कामाची वेळ, आठवड्याची सुट्टी, आजारपणाची रजा, पगार किती आणि कुठल्या तारखेला, हे सगळं कागदावर लिही, खाली तुझी आणि तुझ्या नणंदेची सही कर आणि पाठवून दे. मी शांतपणे वाचेन. पटलं तर सही करेन, नाहीतर खोडून परत पाठवेन.

बहीण आहेस म्हणून काय झालं.

ताई